विश्लेषण : वारा दोन किलोमीटर खोल समुद्र कसा ढवळतो? लॅब्राडोर समुद्रातील हिवाळ्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष का?

समुद्रात दीड-दोन किलोमीटर खोलीवर सूर्यप्रकाश पोहोचत नाही. प्रकाश नाही म्हणजे प्रकाशसंश्लेषण नाही आणि प्राणवायू तयार होण्याची सोयही नाही. तरीही तेथे मासे आणि इतर जीव जगतात. त्यांच्या वाट्याचा प्राणवायू कधी तरी पृष्ठभागावरच्या हवेतून पाण्यात विरघळलेला असतो. तो इतक्या खाली पोहोचवण्याचे काम जगातील मोजक्याच समुद्रांत आणि तेही हिवाळ्यातील मोजक्या आठवड्यांत होते. कॅनडा आणि ग्रीनलँड यांच्यामधला लॅब्राडोर समुद्र हे त्यातले सर्वाधिक अभ्यासले गेलेले ठिकाण. तेथे हे काम करतो तो वारा. मात्र ग्रीनलँडवरील बर्फ वितळून गोडे पाणी समुद्रात येत असताना हा वारा किती काळ पुरा पडेल, यावर शास्त्रज्ञांमध्ये सध्या बराच खल सुरू आहे.

समुद्र एरवी मिसळत का नाही?

बहुतेक समुद्रांत पाण्याचे थर असतात. वर उबदार, हलके पाणी आणि खाली थंड, जड पाणी. तेलाचा तवंग जसा पाण्यावर राहतो, तसाच हा वरचा थर खालच्यावर तरंगत असतो. वादळ आले की लाटा उसळतात, पाणी घुसळले जाते. पण ही घुसळण वरच्या काही दशक मीटरपर्यंत, फार तर शे-दीडशे मीटरपर्यंत जाते. चमच्याने ढवळावे तसे दोन किलोमीटर खोल पाणी ढवळण्याची ताकद कोणत्याही वादळात नाही.

त्यामुळे 'वारा समुद्र ढवळतो' हे वाक्य थोडे फसवे आहे. थंड समुद्रात वारा चमच्याचे काम कमी आणि कूलरचे काम जास्त करतो. तो वरच्या पाण्यातील उष्णता काढून घेतो आणि पाणी जड करतो. वरचे पाणी खालच्याइतके जड झाले की थरांमधला फरक मिटतो. पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. शाळेत 'उष्णतेचे अभिसरण' शिकताना भांड्याखाली दिवा ठेवून पाणी तापवले जाते. येथे तोच प्रयोग उलटा होतो, म्हणजे भांडे वरून थंड केले जाते.

फुंकर मारून चहा निववतो, तसेच?

बऱ्याच अंशी तसेच. चहा बशीत ओतला की पृष्ठभाग वाढतो. फुंकर मारली की चहावर साचलेली उबदार, दमट हवा बाजूला होते आणि तिच्या जागी कोरडी हवा येते. लॅब्राडोर समुद्रात हिवाळ्यात पृष्ठभागाचे तापमान साधारण ३ अंश सेल्सिअस असते. आपल्याला ते गोठवणारे वाटेल. पण कॅनडाच्या गोठलेल्या भूभागावरून येणारी हवा शून्याखाली १०-२० अंशांवर असते. या हवेच्या दृष्टीने तो समुद्र म्हणजे वाफाळता चहाच. हवा आणि पाणी यांच्या तापमानातील फरक जितका मोठा आणि वारा जितका वेगवान, तितकी उष्णता झपाट्याने निघून जाते. शिवाय कोरड्या हवेमुळे बाष्पीभवन होते. बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता पाण्यातूनच जाते आणि मीठ मात्र मागे राहते. थंडी आणि मीठ दोन्ही पाण्याला जड करतात.

हे आकड्यांत पाहू. कडक हिवाळ्यात येथे समुद्राच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सरासरी ३०० वॉटच्या आसपास उष्णता हवेत जाते. ऐन वादळात हा आकडा ७०० वॉटच्या पुढे जातो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास एक इस्त्री चालू असावी इतका. ३०० वॉट हा दर १०० दिवस टिकला, तर एका चौरस मीटरमधून ७२० युनिट ऊर्जा निघून जाते. हे वीजबिलावर छापलेलेच युनिट. एवढे करून त्या चौरस मीटरखालचा एक किलोमीटर खोल पाण्याचा स्तंभ किती थंड होतो? जेमतेम ०.६ अंश. पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता इतकी प्रचंड आहे. त्यामुळे एका थंडीच्या लाटेने काही होत नाही. लाटेमागून लाट यावी लागते.

दहावीच्या विज्ञानातील 'पाण्याचे असंगत आचरण' आठवत असेल, तर येथे एक शंका येईल. पाणी ४ अंशांना सर्वाधिक जड असते आणि त्याखाली ते हलके होते, मग ३ अंशांचे पाणी बुडेल कसे? उत्तर मिठात आहे. होपच्या उपकरणातील ४ अंशांचा नियम गोड्या पाण्याचा. समुद्राच्या पाण्यात एका किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी गोठणबिंदूपर्यंत, म्हणजे सुमारे उणे १.९ अंशांपर्यंत जड होतच राहते. म्हणूनच तळी वरून गोठतात आणि खाली ४ अंशांचे पाणी शाबूत राहते. समुद्राला मात्र तळापर्यंत थंडी नेता येते.

मग प्रत्येक थंड समुद्रात हे का घडत नाही?

कारण नुसती थंडी पुरत नाही. आर्क्टिक महासागर लॅब्राडोरपेक्षा थंड आहे. पण त्याच्या वर नद्यांच्या आणि वितळलेल्या बर्फाच्या कमी खारट पाण्याचा थर आहे आणि त्यावर बर्फाचे आच्छादन. उत्तर पॅसिफिकमध्ये वारेही आहेत, थंडीही आहे. पण पृष्ठभागाचे पाणी इतके कमी खारट आहे की ते कितीही थंड झाले, तरी खालच्या पाण्याइतके जड होत नाही. उत्तर अटलांटिकला उष्ण कटिबंधातून येणाऱ्या प्रवाहांमुळे खारट पाण्याचा पुरवठा होतो. त्यामुळे तेथे थंडीच्या प्रयत्नांना यश येते.

दुसरी तयारीही वाराच करतो. लॅब्राडोर समुद्रावर कमी दाबाची वादळे वारंवार येतात आणि तेथील पाणी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गोल फिरत राहते. अशा फिरण्यात वरचे हलके पाणी कडांकडे सरकते आणि मधोमध खालचे जड पाणी घुमटासारखे वर येते. समुद्राच्या मध्यभागी हलक्या पाण्याचा थर त्यामुळे पातळ होतो. शास्त्रज्ञ याला पूर्वतयारीचा टप्पा म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत ही तयारी होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खरी घुसळण.

लॅब्राडोरखेरीज ग्रीनलँडच्या आग्नेयेचा इर्मिंजर समुद्र, उत्तरेचा ग्रीनलँड समुद्र, अंटार्क्टिकाजवळचा वेडेल समुद्र, अशा बोटांवर मोजण्याजोग्या जागी हे घडते. थोडे आश्चर्य वाटेल, पण या यादीत भूमध्य समुद्राचाही समावेश आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यालगत 'मिस्त्राल' हा थंड, कोरडा वारा हिवाळ्यात तेथे हेच काम करतो. वेडेल समुद्रात तर १९७४ ते १९७६ या सलग तीन हिवाळ्यांत बर्फाच्या मधोमध सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राहून थोडेसेच लहान, उघडे पाणी दिसत होते. खालून वर येणारे उबदार पाणी तेथे बर्फ टिकू देत नव्हते. २०१७ मध्ये तसेच, पण लहान भगदाड पुन्हा दिसले, तेव्हा त्यामागे तीव्र वादळांचा हात असल्याचे अभ्यासांतून समोर आले.

पाण्याखाली नेमके काय दिसते?

मोठा धबधबा वगैरे डोळ्यांसमोर आणू नये. जड झालेले पाणी एक किलोमीटर किंवा त्याहून कमी रुंदीच्या लोटांमधून खाली जाते. वेग सेकंदाला काही सेंटिमीटर, क्वचित १० सेंटिमीटरपर्यंत. ऐकायला किरकोळ वाटते. पण सेकंदाला ५ सेंटिमीटर या वेगाने एक किलोमीटर खाली जायला साडेपाच तासच लागतात. म्हणजे संध्याकाळी पृष्ठभागावर असलेले पाणी मध्यरात्रीपर्यंत एक किलोमीटर खाली पोहोचू शकते. समुद्राच्या बाकीच्या भागात याच प्रवासाला वर्षेच्या वर्षे लागतील.

हे लोट खाली जातात, तेव्हा त्यांच्या शेजारून तितकेच पाणी वर येते. म्हणजे पाणी 'बुडाले' असे म्हणण्यापेक्षा वरचे आणि खालचे एकमेकांत 'मिसळले' असे म्हणणे अधिक बरोबर. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. मिसळताना प्राणवायू खाली जातो, कार्बन डायऑक्साइडही जातो. थंड पाण्यात वायू अधिक विरघळतात आणि वादळी लाटांमुळे तयार होणारे बुडबुडे आणखी वायू पाण्यात दाबतात. लॅब्राडोर समुद्राला खोल अटलांटिकचे फुफ्फुस म्हटले जाते ते यामुळेच.

वसंत ऋतूत ऊन वाढते, बर्फ वितळतो आणि ग्रीनलँडच्या किनाऱ्याकडून भोवऱ्यांमधून हलके पाणी मध्यभागी येते. काही आठवड्यांत वर पुन्हा झाकण बसते. खाली राहिलेले पाणी 'लॅब्राडोर सी वॉटर' या नावाने ओळखले जाते आणि हळूहळू दक्षिणेकडे पसरते.

सगळा हिवाळा महत्त्वाचा की मोजकी वादळे?

याचे उत्तर केप फेअरवेल या ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळ मिळते. ग्रीनलँडचा हिमस्तर तीन किलोमीटरपेक्षा उंच आहे. पश्चिमेकडून येणारी हवा या भिंतीवर आपटते, वळसा घालते आणि टोकाशी येऊन अरुंद पट्ट्यातून सुसाट सुटते. दोन इमारतींमधल्या बोळात वारा जोरात लागतो, त्यातलाच हा प्रकार. येथे वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जातो. या झोताला 'टिप जेट' म्हणतात. तो एखाद-दुसरा दिवस टिकतो, थांबतो, पुन्हा येतो. नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १९१२ मध्येच इर्मिंजर समुद्रात खोल पाणी तयार होत असावे, असे म्हटले होते. पुढे ही कल्पना मागे पडली. २००३ मध्ये रॉबर्ट पिकार्ट आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले, की हे झोत इर्मिंजर समुद्र खोलवर मिसळण्यास पुरेसे आहेत.

गोम अशी की, हवामानाच्या अनेक संगणकीय प्रारूपांमध्ये पृथ्वीचे साधारण १०० किलोमीटरचे चौकोन केलेले असतात. अरुंद झोत किंवा ध्रुवीय भागातील लहान, तीव्र वादळे अशा चौकोनांत विरून जातात. सरासरी वारा बरोबर येतो, पण झटके हरवतात. ॲलन कॉन्ड्रन आणि इयन रेनफ्रू यांनी २०१३ मध्ये ही लहान वादळे प्रारूपात घालून पाहिली, तेव्हा ग्रीनलँड आणि नॉर्वे यांच्यामधल्या समुद्रातील अभिसरण वाढलेले दिसले. भविष्याचे अंदाज याच प्रारूपांवर बेतलेले असल्याने ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

हे काम कधी थांबले होते का?

होय, आणि त्याची नोंद योगायोगाने झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांना हवामानाची माहिती देण्यासाठी अटलांटिकमध्ये जहाजे एका जागी उभी ठेवली जात. त्यातील 'ब्राव्हो' हे ठाणे लॅब्राडोर समुद्राच्या मध्यावर होते. १९४५ ते १९७४ अशी जवळपास तीन दशके तेथून हवेच्या नोंदी होत राहिल्या आणि पुढे पाण्याचे तापमान व क्षारताही मोजली जाऊ लागली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आर्क्टिकमधून नेहमीपेक्षा जास्त बर्फ आणि कमी खारट पाणी खाली आले. हे पाणी लॅब्राडोर समुद्रावर पसरले. त्यात हिवाळेही सौम्य निघाले. परिणामी १९६९ ते १९७१ या काळात घुसळण वरच्या काहीशे मीटरच्या पुढे गेलीच नाही. झाकण घट्ट बसले होते. १९७२ च्या कडाक्याच्या हिवाळ्याने ते उडवले.

त्यानंतरचा आलेखही असाच वर-खाली होणारा आहे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात आइसलँड आणि अझोर्स बेटांवरील हवेच्या दाबातील फरक सलग अनेक वर्षे मोठा राहिला. याला 'नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन' म्हणतात. फरक मोठा असला की लॅब्राडोरवर थंड पश्चिमी वारे जोर धरतात. १९९४ मध्ये घुसळण सुमारे २४०० मीटरपर्यंत गेली. पुढची दहा-बारा वर्षे शांततेत गेली आणि आता हे पर्व संपले, असे वाटू लागले. तोच २००७-०८ च्या हिवाळ्यात ती अचानक १८०० मीटरवर पोहोचली. कारण गमतीशीर होते. त्या वर्षी लॅब्राडोरच्या किनाऱ्यालगतचा समुद्री बर्फ नेहमीपेक्षा दूरवर पसरला होता. एरवी किनारा सोडताच पाण्यावरून येताना हवा उबदार होत जाते. त्या वर्षी ती बर्फावरून आली आणि मध्य समुद्रापर्यंत थंडगारच राहिली. बर्फाने येथे झाकण बसवण्याऐवजी वाऱ्याला मदत केली. २०१६ मध्ये पुन्हा सुमारे २००० मीटरचा टप्पा गाठला गेला. तो हिवाळा आधीच्या वर्षाइतका कडक नव्हता. पण २०१५ ने समुद्र इतका तयार करून ठेवला होता की कमी थंडीतही काम झाले. समुद्र मागचा हिवाळा विसरत नाही.

ग्रीनलँड वितळल्यास काय?

उपग्रहांच्या मोजमापानुसार ग्रीनलँडचा हिमस्तर २००२ पासून दरवर्षी सरासरी २५० अब्ज टनांहून अधिक बर्फ गमावत आहे. हे गोडे पाणी बऱ्याच प्रमाणात किनारी प्रवाहांबरोबर कडेकडेने वाहून जाते. त्यातले किती समुद्राच्या मध्यभागी, म्हणजे नेमके घुसळणीच्या जागी पोहोचते, हा कळीचा मुद्दा. ते तेथे साचले तर १९६९ ची पुनरावृत्ती होऊ शकते आणि झाकण उडवायला १९७२ सारखा हिवाळा तापत्या जगात वारंवार मिळेलच असे नाही.

याच्याशी जोडलेला शब्द म्हणजे 'एमॉक', अर्थात अटलांटिक महासागरातील उलथापालथीचे अभिसरण. वरून उबदार पाणी उत्तरेकडे आणि खालून थंड पाणी दक्षिणेकडे, असा हा फिरता पट्टा. लॅब्राडोरमधील घुसळण हेच त्याचे इंजिन, असे अनेक वर्षे मानले जाई. 'ओस्नॅप' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २०१४ पासून लॅब्राडोर ते ग्रीनलँड आणि पुढे स्कॉटलंडपर्यंत समुद्रात उपकरणे बसवली. सुसान लोझियर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये पहिले निष्कर्ष मांडले आणि चित्र पालटले. उलथापालथीचा मोठा भाग ग्रीनलँडच्या पूर्वेला होत होता. लॅब्राडोरच्या तुलनेत सुमारे सातपट. लॅब्राडोरमध्ये पाणी थंड होते तसे कमी खारटही होते, त्यामुळे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या वजनात फारसा फरक पडत नाही. मिसळणे आणि बुडणे यांतला फरक येथे कामी येतो.

म्हणून लॅब्राडोर बिनमहत्त्वाचा ठरत नाही. प्राणवायू आणि कार्बन खाली नेण्याचे त्याचे काम कायम आहेच. मात्र 'लॅब्राडोर थांबला म्हणजे एमॉक थांबला' असे सरळ समीकरण मांडणाऱ्या बातम्यांकडे जरा सावधपणे पाहिलेले बरे. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात एमॉक मंदावण्याची दाट शक्यता आहे. २१०० पूर्वी तो अचानक कोसळणार नाही, असे त्यात मध्यम खात्रीने म्हटले आहे.

भारताचा यात संबंध काय?

एमॉक मंदावला की उत्तर गोलार्धाकडे येणारी उष्णता घटते आणि उष्ण कटिबंधातील पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, असे प्रारूपे दाखवतात. हिमयुगात उत्तर अटलांटिक एकाएकी थंड झाला त्या काळात भारतीय मोसमी पाऊस कमकुवत झाल्याच्या खुणा अरबी समुद्राच्या तळातील गाळात सापडल्या आहेत.

शिवाय याच यंत्रणेची छोटी आवृत्ती अरबी समुद्राच्या उत्तर भागात दर हिवाळ्यात चालते. उत्तरेकडून येणारे थंड, कोरडे वारे पृष्ठभाग निववतात, बाष्पीभवनाने पाणी खारट होते आणि वरचा मिसळलेला थर १०० मीटरच्या आसपास खोल जातो. खालची पोषकद्रव्ये वर येतात आणि सूक्ष्म वनस्पतींची वाढ होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एम. मधुप्रताप, एस. प्रसन्नकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडले. पण ही घुसळण शंभरेक मीटरवरच थांबते. त्याखाली साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात अरबी समुद्रात प्राणवायू अत्यल्प आहे. उत्तरेला जमीन असल्याने तेथे लॅब्राडोरसारखी जागाच नाही. खाली येणारे पाणी दक्षिणेकडून लांबचा प्रवास करून येते आणि वाटेत त्यातला बराचसा प्राणवायू खर्च झालेला असतो.

आता मोजतात कसे?

'ब्राव्हो'सारखी जहाजे आता नाहीत. त्यांच्या जागी 'आर्गो' तरंगती उपकरणे आहेत. जगभरात ती सुमारे चार हजार असून हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था भारताच्या वतीने या मोहिमेत सहभागी आहे. प्रत्येक उपकरण साधारण दहा दिवसांनी २००० मीटर खोलीवरून वर येते, वाटेत तापमान व क्षारता मोजते आणि उपग्रहाला आकडे पाठवून पुन्हा बुडी मारते. ऑक्टोबरमध्ये लॅब्राडोरमधून आलेल्या आलेखात वरचे आणि खालचे तापमान वेगवेगळे दिसते. हिवाळा पुढे सरकतो तशी वरची वक्र रेषा सरळ होत जाते. चांगल्या वर्षी मार्चमध्ये ५० मीटरवरचे आणि १५०० मीटरवरचे पाणी जवळपास एकसारखे निघते आणि वारा यंदा कुठवर पोहोचला, ते त्या उभ्या रेषेच्या लांबीवरून कळते.